अतिथि कीं शेजारी ?
पोखऱ्याच्या तळ्याकांठचा दीर्घ मुक्काम

प्रवास पुष्कळ लोक करतात. मुक्काम मात्र थोडेच करतात. आठ दिवसांत दहा स्थळें, प्रत्येक स्थळीं चार छायाचित्रें, आणि घरीं परतल्यावर तीन दिवस विश्रांति, हा आजच्या सुखवस्तु कुटुंबाचा प्रवास होय. त्यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. रजा थोडी, खर्च मोठा, बरोबर मुलें-माणसें. तेव्हां दुसरें काय होणार? परंतु अलीकडे दुसऱ्या एका तऱ्हेचा प्रवासी आपल्याही घरांतून निघूं लागला आहे. त्याच्या पाठीवर एक भली मोठी पिशवी असते. खिशांत जाण्याचें तिकीट असतें, परतीचें नसतें. तो एखाद्या डोंगराळ गांवीं तळ्याच्या कांठीं जाऊन उतरतो, चार दिवस राहीन म्हणतो आणि चार महिने राहतो. अशांना बॅकपॅकर असें नांव आहे. आपण त्यांना पाठपिशवीवाले म्हणूं.

असा एखादा मुलगा किंवा मुलगी घरांतून गेली म्हणजे वडीलधाऱ्यांच्या मनांत दोन प्रश्न उभे राहतात. इतके दिवस तेथें करावयाचें तरी काय ? आणि परक्या मुलखांत कांहीं वावगें तर होणार नाहीं ना ? दोन्ही प्रश्न स्वाभाविक आहेत. परंतु आमच्या मतें तिसरा एक प्रश्न याहून महत्त्वाचा आहे, आणि तो सहसा कोणी विचारीत नाहीं. ज्या गांवांत हा मनुष्य इतके दिवस राहतो, त्या गांवाचा तो कोण ?

केवळ तात्त्विक चर्चा करण्यापेक्षां एक प्रत्यक्ष गांव डोळ्यांपुढें ठेवून विचार करणें बरें. नेपाळांतील पोखरा हें असें गांव आहे. आमच्या धाकट्या बंधूंचा नातू पुण्यांतील बरी नोकरी सोडून चैत्रापासून श्रावण संपेपर्यंत तेथें राहून आला. त्यानंतर कार्तिकांत मुक्तिनाथाच्या यात्रेस जातांना आम्ही उभयतां तेथेंच, त्याच घरीं, नऊ दिवस राहिलों. त्याचे अनुभव आणि आमचें पाहणें या दोहोंचाही या लेखास उपयोग झाला आहे.

गांव आणि तळें

पोखरा हें नांव कोणास परकें वाटेल. संस्कृत जाणणाऱ्यास तें घरचें वाटतें. देवळापुढील कुंडास आपण पुष्करणी म्हणतों. नेपाळी भाषेंत तळ्याला पोखरी म्हणतात. गांवाच्या पोटांतून खोल घळींत वाहणाऱ्या नदीचें नांव सेती. चुनखडीमुळें तिचें पाणी दुधासारखें दिसतें, म्हणजे ती श्वेताच. समोर जें शिखर दिसतें तें माछापुच्छ्रे, म्हणजे मत्स्यपुच्छ. आणि त्याच्यामागें अन्नपूर्णेची रांग. लिपि देवनागरी असल्यामुळें मराठी माणसाला पहिल्या दिवसापासून दुकानांच्या पाट्या वाचतां येतात. अर्थ मात्र कधीं कधीं फसवितो. 'पसल' म्हणजे दुकान आणि 'खोला' म्हणजे ओढा, हें शिकावें लागतें.

गांवाची उंची समुद्रसपाटीपासून अवघी आठशें-साडेआठशें मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून पुष्कळच कमी. तेथें केळीं पिकतात आणि संत्रींही पिकतात. परंतु तेथून थोड्याच अंतरावर माछापुच्छ्रे ६९९३ मीटर आणि अन्नपूर्णेचें मुख्य शिखर ८०९१ मीटर उंच उभें आहे. मध्यें आड येईल अशी दुसरी मोठी रांग नाहीं. केळीच्या पानाआडून हिमशिखर पाहावयाचें तर पोखऱ्यासारखीं ठिकाणें पृथ्वीवर फार थोडीं असतील.

फेवा तळें गांवाच्या नैर्ऋत्येस आहे. मूळ तें निसर्गनिर्मित. पुढें एका टोंकास बांध घालून पाण्याची पातळी वाढविली, आणि त्या पाण्यावर शेती भिजते व थोडी वीजही होते. सर्वांत खोल ठिकाणीं तें सुमारें चोवीस मीटर आहे. मध्यभागीं एका लहानशा बेटावर वाराहीदेवीचें दुमजली छपराचें देऊळ आहे. नेपाळी लोक त्यास ताल बाराही म्हणतात. तेथें जाण्यास नांवेंत बसावें लागतें. तळ्याच्या उत्पत्तीची तेथील लोक एक कथा सांगतात. येथें पूर्वीं एक संपन्न गांव होतें. एके दिवशीं एक भिकारीण दारोदार फिरली. कोणीं तिला उभें केलें नाहीं. एका गरीब जोडप्यानें मात्र घरांत असेल तें वाढलें. ती होती देवी. त्या जोडप्याला उंचावर जाण्यास सांगून ती गुप्त झाली, आणि सारें गांव पाण्याखालीं गेलें. ज्या ठिकाणाची उत्पत्तिच आतिथ्य नाकारल्यामुळें झाली अशी श्रद्धा आहे, तेथें आज गांवाचा बराच मोठा भाग अतिथींवरच पोट भरतो, हें विशेष होय.

पूर्वीचे मुक्कामवाले

परक्यांना हें ठिकाण तसें नवें आहे. जपानी बौद्ध भिक्षु एकाई कावागुची हा तिबेटांत गुप्तपणें शिरण्याच्या हेतूनें निघाला, तो १८९९ सालीं पोखऱ्यावरून उत्तरेस गेला. पुढें मुस्तांगांतील त्सारांग गांवीं तो महिन्यांमागून महिने राहिला आणि तेथें त्यानें तिबेटी भाषा व ग्रंथ यांचा कसून अभ्यास केला. दीर्घ मुक्काम कशासाठीं करावा याचें हें उत्तम उदाहरण होय. त्याला पुढें जावयाचें होतें. परंतु पुढें जाण्याची योग्यता अंगीं येईपर्यंत तो थांबला.

१९५० च्या सुमारास नेपाळचे दरवाजे परदेशीयांस उघडले. त्याच वर्षीं ३ जून रोजीं मोरिस हेर्झोग व लुई लाशनाल हे फ्रेंच गिर्यारोहक अन्नपूर्णेच्या माथ्यावर पोहोंचले. आठ हजार मीटरांवरील शिखरांपैकीं मनुष्याचे पाय लागलेलें तें पहिलें शिखर. माछापुच्छ्रेची गोष्ट मात्र निराळी. १९५७ सालीं विल्फ्रिड नॉइस व डेव्हिड कॉक्स हे ब्रिटिश गिर्यारोहक शेंड्यापासून अवघ्या पन्नासेक मीटरांवरून मागें फिरले. माथ्यावर पाय ठेवणार नाहीं असें त्यांच्या तुकडीनें वचन दिलें होतें. त्यानंतर त्या शिखरावर चढण्याची परवानगी देण्यांत आलेली नाहीं. सारें जग पायाखालीं घालावयास निघालेल्या काळांत एक डोंगर तरी पूज्य म्हणून सोडून दिला, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते.

भारताच्या साहाय्यानें बांधलेली सिद्धार्थ सडक १९६८ सालीं पोखऱ्यास पोहोंचली. तोंपर्यंत तेथें जावयाचें तें पायीं किंवा विमानानें. सडकेबरोबर नवे पाहुणे आले. इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली अशी मजल-दरमजल करीत काठमांडूपर्यंत येणारे ते लांब केसांचे तरुण-तरुणी होते. त्यांच्यांतील कित्येक तळ्याकांठच्या बैदाम या वस्तींत येऊन राहिले. त्यांतील कांहींना शांति हवी होती आणि कांहींना गांजा. १९७३ सालीं नेपाळ सरकारनें गांजाचे परवाने रद्द केले. १९७९ सालीं इराणांतील क्रांति आणि अफगाणिस्तानांतील युद्ध यांनीं खुष्कीचा मार्गच बंद पाडला. परंतु बैदामला पाहुणे येऊं लागले ते लागलेच. जेथें भाताचीं खाचरें होतीं तेथें आज उतारशाळा, खाणावळी आणि दुकानें यांची सलग रांग आहे. तिला आतां सर्वजण लेकसाइड म्हणतात.

पाहणें संपल्यावर

पोखऱ्यांत पाहण्यासारखें जें आहे तें आठ दिवसांत संपतें. सारंगकोटावरून सूर्योदय, तळ्यांत नौकाविहार, विंध्यवासिनीचें दर्शन, गुप्तेश्वर महादेवाची गुहा, डोंगरावरील शांतिस्तूप, पलीकडे तिबेटी निर्वासितांच्या वसाहती. नवव्या दिवशीं काय करावें हा प्रश्न पडतो. आणि आमच्या मतें मुक्कामाची खरी सुरुवात तेथूनच होते.

येथें दोन वाटा फुटतात. एका वाटेनें जाणारा पाठपिशवीवाला सकाळीं उशिरां उठतो, रोज त्याच उपाहारगृहांत त्याच खुर्चीवर बसतो, आपल्यासारख्याच चार प्रवाशांशीं कोणतें गांव स्वस्त आणि कोणतें महाग याची चर्चा करतो, संगणक उघडून थोडें काम करतो आणि संध्याकाळीं सूर्यास्त पाहतो. असे पांच महिने गेले तरी तो गांवांत राहून गांवाबाहेरच असतो. दुसऱ्या वाटेनें जाणाऱ्याचें घड्याळ हळूहळू बदलतें. घड्याळ म्हणतों तें अक्षरशः. नेपाळची वेळ आपल्याहून पंधरा मिनिटें पुढें आहे. तेथें सरकारी व्यवहारांत विक्रम संवत् चालतो आणि आठवड्याची सुट्टी शनिवारीं असते. सकाळीं दहाच्या सुमारास पोटभर डाळ-भात, आणि दुसरें जेवण रात्रीं. ओळख असो वा नसो, समोरच्यास दाइ, दिदी, भाइ, बहिनी असें नात्यानेंच हांक मारावयाची. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला हें शिकण्यास वेळ लागत नाहीं.

आमच्या नातवानें प्रथम पहिली वाट धरली होती असें तो स्वतःच सांगतो. त्याला दुसऱ्या वाटेवर आणलें तें पावसानें. पोखऱ्याचा पाऊस पुण्याच्या पांचपट आहे; जवळच्या लुमले गांवीं तर वर्षाकांठीं पांच हजार मिलिमीटरांवर पडतो. ज्येष्ठाच्या मध्यास हिमशिखरें ढगांत जातात तीं महिना-महिना दिसत नाहींत. डोंगरवाटांवर जळवा होतात, दरडी कोसळून रस्ते बंद पडतात, आणि पाहुणे निघून जातात. जे शिखरांसाठीं आलेले असतात त्यांना आतां राहण्याचें कारणच उरत नाहीं.

आमचा नातू राहिला. नेपाळी पंचांगाच्या पंधरा असार या दिवशीं, म्हणजे जूनच्या अखेरीस, तेथें भात-लावणीचा सण असतो. त्या दिवशीं दहीं-पोहे खातात आणि चिखलांत उतरून लावणी करतात. घरमालकांच्या खाचरांत तोही उतरला. कोंकणांत ज्याच्या आज्यानें लावणी पाहिली, त्याला स्वतः चिखलांत पाय घालण्यासाठीं फेवाकांठ गांठावा लागला, याचें आमच्या घरांत हंसूं झालें. परंतु आम्ही तेथें गेलों तेव्हां त्याच्या खोलीला अजून 'पुणेकर भाइची खोली' असें म्हणत होते, हेंही सांगितलें पाहिजे.

खोली कोणाची ?

ती खोली वस्तुतः घरच्या थोरल्या मुलाची. तो कतारांत नोकरीस आहे. घरमालक भारतीय सेनेच्या गोरखा पलटणींतून निवृत्त झालेले, अशांना तेथें लाहुरे म्हणतात. शंभर-दोनशें वर्षांपूर्वीं लाहोरास जाऊन शीखांच्या सैन्यांत चाकरी करीत, त्यावरून हा शब्द पडला. पुण्याच्या छावणींत दोन वर्षें काढल्यामुळें त्यांना थोडी मराठी समजत होती. बाप भारतांत, मुलगा आखातांत. गुरुंग घरांतून असें घडणें यांत नवल असें कांहीं नाहीं. परदेशीं गेलेल्या मुलांकडून येणारा पैसा हा नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारें चौथाईच्या बरोबरीचा आहे. तेव्हां लेकसाइडचें खरें चित्र असें दिसतें : त्या गांवचीं तरुण मुलें पोटासाठीं बाहेर जातात आणि त्यांच्या रिकाम्या खोल्यांत इतर देशांतील तरुण मुलें निवांतपणासाठीं येऊन राहतात. दोघेही घर सोडून आलेले. परंतु एकास परत फिरतां येत नाहीं, आणि दुसऱ्यास परत फिरण्याची घाई नाहीं.

आमच्या सौभाग्यवतींनीं घरधनिणीला विचारलें, "दिदी, इतके लोक तुमच्याकडे येऊन राहतात, त्रास होत नाहीं का ?" ती म्हणाली, "राहण्याचा त्रास नाहीं, आमा. एक जण पांच महिने राहिला. स्वभावानें चांगला, भाडें वेळेवर देई. पण जातांना त्याला माझें नांव ठाऊक नव्हतें."

हें वाक्य आम्ही टिपून ठेवलें. दीर्घ मुक्कामाचा सारा न्याय त्यांत आहे असें आम्हांस वाटतें.

तळ्याचें ऋण

पाहुण्यांच्या पैशावर गांव चालतें हें खरें. पण त्याच पाहुण्यांचा भार तळें वाहतें हेंही खरें. पश्चिमेकडून हर्पन खोला तळ्यास मिळतो. वरच्या उतारांवरील माती, विशेषतः यंत्रांनीं वेडेवांकडे रस्ते खोदूं लागल्यापासून, दर पावसाळ्यांत या ओढ्याबरोबर तळ्यांत येऊन बसते आणि तें पश्चिमेकडून भरत चाललें आहे. शहराचें सांडपाणी फिर्के खोल्यांतून येतें. पाण्यांत खत वाढलें म्हणजे जलपर्णी माजते. तिचे हिरवे तराफे वाऱ्याबरोबर कांठोकांठ फिरतात. तळ्याकांठच्या अतिक्रमणांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि कांठापासून ६५ मीटरांच्या आंत बांधकाम नसावें असा निर्णय झाला. अंमलबजावणी मात्र रेंगाळली. फेवा, बेगनास, रूपा वगैरे या खोऱ्यांतील नऊ तळीं २०१६ सालीं आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादींत गेलीं. यादींत नांव गेल्यानें गाळ निघत नाहीं. तो काढण्यास माणसें लागतात. तेथील बायका डुंग्यांत बसून हातांनीं जलपर्णी ओढतांना आम्हीं स्वतः पाहिल्या.

जो आठ दिवसांसाठीं येतो त्याला या गोष्टी दिसत नाहींत, आणि दिसल्या तरी त्यानें काय करावें ? पण जो पांच महिने त्याच कांठावर बसून तेंच पाणी पाहतो, त्याच्यावर कांहीं भार येतोच. स्नानाचें पाणी किती वापरावें, प्लास्टिकची बाटली रोज विकत घ्यावी कीं एकच भांडें भरून घ्यावें, कांठावर अतिक्रमण केलेल्या उतारशाळेंत राहावें कीं गांवांतील घरीं, या लहान लहान गोष्टींची पांच महिन्यांत मोठी बेरीज होते.

उपकार करण्याच्या उत्साहालाही लगाम हवा. अनाथ मुलांच्या आश्रमांत पंधरा दिवस शिकवून येण्याची एक हौस या प्रवाशांत आहे. नेपाळांतील अशा अनेक आश्रमांतून ठेवलेल्या मुलांचे आईबाप हयात असल्याचें उघड झालें आहे. देणगी देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें असावीं म्हणून त्यांना घरापासून दूर ठेवलेलें असतें. शिवाय पर्यटक म्हणून आलेल्या परदेशीयास परवान्यावांचून तेथें काम करण्याची, विनामूल्य देखील, कायद्यानें मनाई आहे. चाळीस वर्षें वर्गांत उभें राहून आम्हांस एवढें कळलें आहे कीं, पंधरा दिवसांचा गुरुजी मुलांना लळा लावतो, विद्या लावीत नाहीं.

चातुर्मासाचा धडा

मनुस्मृतींत अतिथीची व्याख्या अशी आहे कीं, जो एकच रात्र राहतो तो अतिथि, कारण त्याचें राहणें अनित्य असतें. शास्त्रानें संन्याशालाही खेड्यांत एक रात्र आणि नगरांत फार तर पांच रात्रीं एवढीच मुभा दिली. याला अपवाद एकच, तो म्हणजे पावसाळा. चातुर्मासांत यतीनें एके ठिकाणीं राहावें. बौद्ध व जैन साधूंतही वर्षावासाची हीच चाल आहे. उगवतीं रोपें व जीवजंतु पायाखालीं सांपडूं नयेत असें त्याचें कारण सांगतात. म्हणजे आपल्या परंपरेंत दीर्घ मुक्काम हा उपभोगासाठीं नसून इतरांस आपला उपद्रव कमी व्हावा म्हणून आहे. आणि त्या मुक्कामांत यति गांवाला कथा-प्रवचन देई, विद्या देई.

नेपाळच्या सरकारनेंही एक मर्यादा घातली आहे. परदेशी प्रवाशास एका वर्षांत दीडशें दिवसांपर्यंतच पर्यटक म्हणून राहतां येतें. भारतीयांस मात्र व्हिसाच लागत नाहीं, आणि मुक्कामाला अशी मुदतही नाहीं. आमच्या नातवाच्या शेजारीं एक जर्मन तरुणी राहत असे. ती भिंतीवरील कागदावर दिवस खोडीत होती. आपल्यावर दिवस मोजण्याचें बंधन नाहीं. म्हणूनच आपली मर्यादा आपणच आंखली पाहिजे.

तेव्हां ज्या घरांतून असा कोणी निघणार असेल त्या घरच्या मंडळींस आमची विनंति अशी आहे. त्यास अडवूं नये. तरुणपणीं चार महिने परक्या गांवीं, स्वतःचे कपडे स्वतः धुवून, स्वतःच्या पैशांत राहणें हें शिक्षणच आहे. पण निघतांना त्याला फराळाच्या डब्याबरोबर तीन प्रश्न द्यावेत. तूं ज्यांच्या घरीं राहशील त्यांचीं नांवें, त्यांचीं मुलें कोठें आहेत हें तुला ठाऊक असेल काय ? तेथें पाऊस लागेल तेव्हां तूं राहशील कीं पळशील ? आणि तूं परतल्यावर त्या गांवीं तुझ्यामुळें कांहीं कमी झालेलें असेल, कीं कांहीं भर पडलेली असेल ?

आमच्या नातवानें परत येऊन दुसरी नोकरी धरली आहे. घरांतील कुजबुज थांबली. दसऱ्यास, म्हणजे त्यांच्या दसैंस, त्या घरधनिणीचा फोन येतो. ती नेपाळींत बोलते, आमचे घरचे मराठींत, आणि बोलणें बरेंच लांबतें. फोन ठेवण्यापूर्वीं ती न चुकतां आमच्या सौभाग्यवतींना आमा म्हणते आणि त्या तिला नांवानें हांक मारतात.